गोमतीवरील राजनौका

लखनौ हे शहर समुद्रापासून शेकडो मैल दूर; तरीही जलविहाराचा थाट तेथे एके काळी मोठा होता. गोमतीच्या काठी नवाब गाजीउद्दीन हैदर यांनी छत्तर मंझिल हा राजवाडा बांधावयास घेतला व त्यांचे पुत्र नसीरुद्दीन यांनी तो पूर्ण केला. त्याची तळघरे नदीच्या पाण्याने गार राहत. विहारासाठी असलेली एक नौका तर चक्क माशाच्या आकाराची होती. कारण मत्स्ययुगुल हे अवधचे राजचिन्ह. उत्तर प्रदेशाच्या राज्यमुद्रेवर ते आजही आढळते.

१८५६ साली कंपनी सरकारने अवध खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास गेले. दोन वर्षांनी छायाचित्रकार फेलिचे बेआटो यांनी टिपलेल्या चित्रात मत्स्यनौका राजवाड्यापुढे उभी दिसते; विहाराला जाणारा राजा मात्र लखनौत उरला नव्हता.

२०१९ मध्ये या वास्तूच्या जीर्णोद्धाराच्या वेळी मातीखालून सुमारे ४२ फूट लांबीची जुनी लाकडी नौका निघाली. नवाबांची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. सुतारांच्या व नावाड्यांच्या कौशल्याची साक्ष देण्यास असे लाकूडच उरते. म्हणूनच त्याचे जतन होणे अगत्याचे आहे.