धर्माचा अभ्यास आणि सरकारी शाळा

सरकारी शाळेत धर्माविषयी बोलण्यासच राज्यघटनेने मनाई केली आहे, हा समज आपल्या सुशिक्षित वर्गात इतका दृढमूल झाला आहे की, वारी, मोहरम वा नाताळ यांमागील श्रद्धा मुलांना समजावून देतानाही शिक्षकाची जीभ अडखळते. वस्तुतः घटनेच्या २८व्या कलमाने वर्ज्य केले आहे ते धार्मिक शिक्षण, म्हणजे एखाद्या धर्माची मते सत्य म्हणून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे; आणि तेही जिचा संपूर्ण खर्च सरकारी तिजोरीतून चालतो अशा संस्थेत.

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीची चर्चा चालली असता अभ्यासाचा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की, ईश्वर एकच आहे व पैगंबर हे अखेरचे प्रेषित आहेत असे मानावयास शिकविणे हे इस्लामपुरते धार्मिक शिक्षण होय. धर्माचा अभ्यास व संशोधन ही सर्वस्वी निराळी गोष्ट. ज्या पुरुषाने धर्मग्रंथांची आयुष्यभर कठोर चिकित्सा केली, त्यानेच हा भेद इतक्या निःसंदिग्धपणे मांडावा, याचे मोल मला फार वाटते. पुढे २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यास अरुणा रॉय प्रभृतींनी आव्हान दिले, तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या मूल्यशिक्षणविषयक अहवालाचा आधार घेत, धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य नाही असाच निर्णय दिला. मात्र या अभ्यासाचे रूपांतर धर्मोपदेशात होऊ नये, अशी सावधगिरीची सूचनाही न्या. धर्माधिकारी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात दिली.

खासगी अनुदानित शाळांविषयीचा समज याच्या उलट टोकाचा: तेथे संस्थाचालकांची मर्जी हाच कायदा! तेथे धार्मिक शिक्षणास मुभा आहे खरी, परंतु विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून त्याला त्या तासाला वा प्रार्थनेला बसविता येत नाही. हा हक्क पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

उरतो तो वर्गातील खरा अवघड प्रश्न. ‘वारकरी असे मानतात’ आणि ‘हे असेच आहे’ या दोन वाक्यांतील अंतर सांभाळून बोलावयाचे, तर शिक्षकाला प्रत्येक धर्माची माहिती त्या धर्माच्या अनुयायांना ओळखीची वाटेल अशा शब्दांत देता आली पाहिजे, आणि परीक्षेत गुण श्रद्धेला नव्हे, माहितीला दिले पाहिजेत. ही तयारी शिक्षकांच्या प्रशिक्षणातच व्हावयास हवी.