सात-बासष्टची भावकी

२०१९ च्या फेब्रुवारीत लष्करासाठी ७२,४०० अमेरिकी सिग-७१६ रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा झाला, अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांवर एके-२०३ बनवण्याचा. दोन्ही वेळच्या बातम्यांचा सूर एकच: इन्सासची ५.५६ जाणार, ७.६२ येणार. वाचणाऱ्याने समजून घेतलं की काडतूस एकच, बंदुका तेवढ्या दोन. प्रत्यक्षात एकीचं काडतूस दुसरीला चालत नाही. आडनाव तेच, चूल वेगळी.

आधी हे आडनाव आलं कुठून ते पाहू. ७.६२ मिलिमीटर म्हणजे इंचाचा तीन दशांश. रशियात इंचाच्या दहाव्या भागाला 'लिनिया' म्हणत, म्हणून त्यांची १८९१ ची मोसिन रायफल 'तीन लिनियांची'. अमेरिकनांनीही तीन दशांशच धरला. पण नळीत चर कापलेले असतात आणि दोन चरांच्या मध्ये उंचवटे उरतात. हे माप समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं. गोळी मात्र चरांच्या तळापर्यंत भरून जाते, म्हणून ती नावापेक्षा जाडच असते. नाटोची ७.६२, म्हणजे सिगवाली, खरी ७.८२ भरते. एके-४७ ची, म्हणजे एके-२०३ चीही, भरते ७.९ च्या आसपास. आणि आपल्या पोलिसांची जुनी .३०३, जिचं माप कागदावर ७.७, तिची गोळीही ७.९ च्याच घरात. म्हणजे जाडीने एकेची गोळी आपल्या नाटोतल्या नाववालीपेक्षा .३०३ ला जवळची!

जाडी एवढी सारखी, मग फरक कशात? पुंगळीत. पंचनाम्यात जिला 'रिकामी पुंगळी' म्हणतात, त्या पितळी नळकांड्यात दारू असते, आणि नावातला दुसरा आकडा त्याची लांबी सांगतो. नाटोची पुंगळी ५१ मिलिमीटर, एकेची ३९. बारा मिलिमीटर म्हणजे बोटाचं अर्धं पेर. पण या अर्ध्या पेरापायी नाटोची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८३० मीटरच्या पुढे सुटते, आणि एकेची आठ ग्रॅमची ७१५ ने. जोर मोजला तर पहिलीचा तीन हजार ज्यूलच्या बराच वर, दुसरीचा दोन हजार. दूरच्या डोंगरकड्यावर नेम धरायचा तर पहिली. गल्लीत, झाडीत, भराभर झाडायचं तर दुसरी, कारण तिचा धक्का खांद्याला आणि वजन पाठीला सोसतं. शंभर काडतुसं पाठीवर घेतली तर नाटोची जवळजवळ अडीच किलो, एकेची दीडच्या थोडी वर. चढावर हा फरक कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर कळतो.

एकेचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं का, याचंही उत्तर पुंगळीतच आहे. ती बुडाकडून तोंडाकडे चांगलीच निमुळती आहे. अशी काडतुसं एकावर एक रचत गेलं की थर आपोआप वळतो. निमुळती असल्यामुळे ती झाडल्यावर चेंबरमधून सहज सुटते, चिखलातही. त्या रायफलीच्या भरवशाचं श्रेय आपण कलाश्निकोव्हला देतो. थोडं या पुंगळीलाही द्यावं.

रशियाची जुनी ७.६२ × ५४ तर अजून नोकरीत आहे, आपल्याकडेही, ड्रॅगुनोव्ह रायफलीत. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. पट्ट्यातून ती सरळ पुढे ढकलता येत नाही; मशीनगन आधी तिला मागे ओढून काढते, मग पुढे सरकवते. सव्वाशेहून जास्त वर्षं हा द्राविडी प्राणायाम चालू आहे.

कडेचा हाच ताप .३०३ लाही. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की बोल्ट रुतलाच. १९१० पासून तिची मार्क-७ गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४४ मीटर. गुणाकार केला तर तीन हजार शंभर ज्यूल, एकेच्या दीडपट. २६/११ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ होती आणि समोर एके. त्यानंतर बराच काळ 'कालबाह्य' हा शब्द या काडतुसाला चिकटला. माझ्या मते तो चुकीच्या ठिकाणी चिकटला. काडतूस दुबळं नव्हतं. एक झाडून बोल्ट ओढून दुसरं भरेपर्यंत समोरून दहा येत होती, हे दुखणं रायफलीचं. तिला 'जुनी गोळी' म्हणून मोडीत काढण्यात हिशेबाचा घोटाळा आहे.

खरं तर सरकारने त्या रायफलीलाही मोडीत काढलं नव्हतं, काडतूस बदलून दिलं होतं. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने तीच जुनी ली-एनफिल्ड जास्त चांगल्या पोलादात, नाटोच्या ७.६२ साठी घडवली. दुसरीकडे .३०३ च्याच पुंगळीची मान न आवळता ती सरळ ठेवून .४१० मस्कटचं काडतूस झालं, तुरुंगाच्या आणि दंगलीच्या बंदोबस्तासाठी. पितळ तेच, आतला ऐवज आणि पल्ला वेगळा.

नागरी परवान्याकडे वळलं की आकडे आणखी बहकतात. सैन्याचं काडतूस रयतेच्या हाती नको, हे इंग्रजांचं धोरण. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० वर बंदी आली, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी शिकारी गिऱ्हाइकांसाठी .४६५, .४७०, .४७५ अशी रांगच लावली. वाघाला काही फरक पडला नाही. त्यातल्या .४७० ची गोळी मोजली तर .४७५ भरते! आजही परवान्यावर मिळणारी .३१५ ही त्याच धोरणाची नात. मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखरचं आठ मिलिमीटरचं काडतूस, .३०३ च्या शेजारचं, पण तिच्यात न बसणारं. आणि जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी? ते सात मिलिमीटरचं जर्मन मॉझर काडतूस, फक्त इंग्रजी नाव घेतलेलं. तिथे काडतूस एक आणि आडनावं दोन.

छोट्या हत्यारांत तर सावधच राहावं. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरची पुंगळी २३ मिलिमीटरची; .३२ पिस्तुलाची १७. परवान्यावर दोन्हीकडे '.३२'. बारा बोअरचं गणित आणखी उलटं: एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या किती गोळ्या होतात, तो आकडा. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा लहान.

.३०३ मी कॉलेजात असताना एका शिबिरात चालवली. पाच काडतुसं मिळायची आणि पाच 'खोके' मोजून परत द्यावे लागायचे. एका सकाळी माझे चारच भरले. उस्तादांनी अख्खी रांग गवतात गुडघ्यांवर उतरवली. वीस मिनिटांनी पाचवं सापडलं, माझ्याच बुटाच्या आणि अँकलेटच्या फटीत, अजून कोमट. परत करण्याआधी मी बूड उलटून पाहिलं. के आणि एफ, म्हणजे किर्की, म्हणजे आपली खडकी, जिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. मध्ये सरकारी बाण. खाली वर्ष, आणि मार्कचा ७.

.३०३ कुठेच लिहिलेलं नव्हतं.