नाचायचं, पण कधी?

आधी एक सीन डोळ्यांसमोर आणा. हॉस्टेलची कॉमन रूम. कॉलेज फेस्टमधल्या पोकेमॉन स्पर्धेची सेमीफायनल. दोघा-दोघांची टीम, त्यात माझ्या रूममेटने त्याची मॅच जिंकलेली. एक मॅच बरोबरीत, आणि आता शेवटची माझी. माझ्याकडे दोन पोकेमॉन उरलेत, समोरच्याकडे तीन. माझा गारचॉम्प मैदानात येतो. मागे उभी असलेली पोरं ओरडतायत, 'नाच, नाच!' मी नाचतो. मग आणखी एकदा नाचतो. आणि चार टर्नमध्ये आपण बाहेर.

शाळेत असताना हंगामावर पोकेमॉन बघितलेल्या आपल्या पिढीला वाटतं, हा खेळ म्हणजे 'पिकाचू, थंडरबोल्ट!' एवढं ओरडलं की झालं. पण जी पोरं सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा 'पोकेमॉन शोडाउन' ब्राउझरमध्ये उघडून बसतात, त्यांना विचारा. हा बुद्धिबळासारखाच डोक्याचा खेळ आहे. फरक इतकाच की इथे दोघंही आपली चाल एकाच वेळी ठरवतात. आणि या खेळात सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा, सगळ्यात जास्त मोह पाडणारा प्रकार म्हणजे 'सेटअप स्वीपर'.

सेटअप म्हणजे एक टर्न हल्ला न करता स्वतःची ताकद वाढवून घेणं. स्वीप म्हणजे त्या वाढलेल्या ताकदीवर समोरची उरलेली टीम एकामागोमाग एक झाडून काढणं. गारचॉम्पची 'स्वोर्ड्स डान्स' ही चाल घ्या. एक टर्न खर्च, आणि त्याचा अटॅक थेट दुप्पट. 'ड्रॅगन डान्स'मध्ये अटॅक आणि स्पीड दोन्ही दीडपट होतात. व्होल्कारोनाचा 'क्विव्हर डान्स' तर स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड असं सगळंच दीडपट करतो. नावातच डान्स, म्हणून आमच्या भाषेत याला 'नाचणं' म्हणतात.

आता स्पीडचं काय? नुसती ताकद वाढवून भागत नाही, कारण वार आधी कोण करणार हे स्पीडवर ठरतं. गारचॉम्पचा मूळ स्पीड १०२. 'शंभर आणि एकशे दोनमध्ये असा काय फरक?' असं तुम्ही म्हणाल. पण गंमत अशी की सॅलामेन्स, चॅरिझार्ड, व्होल्कारोना, मेव अशी मोठी गर्दी बरोब्बर १०० वर उभी आहे. लेव्हल १०० ला, स्पीडसाठी सगळी मेहनत घेऊन, १०० वाला पोकेमॉन पोचतो ३२८ वर आणि गारचॉम्प ३३३ वर. फरक फक्त पाचाचा. पण लोकल पकडताना दार एका सेकंदाने चुकलं काय आणि एका मिनिटाने चुकलं काय, ट्रेन गेली ती गेलीच. आधी वार करणारा जगतो, दुसऱ्याला वार करायची संधीच मिळत नाही. म्हणून मुळातच वेगवान असलेला आणि वर ताकद दुप्पट करणारा पोकेमॉन समोर आला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

मग सगळेच नाचून का जिंकत नाहीत? कारण नाच फुकट नाही. ज्या टर्नला तुम्ही नाचता, त्या टर्नला समोरचा तुमच्यावर हवं ते करू शकतो. मारू शकतो, 'विल-ओ-विस्प'ने भाजून तुमचा शारीरिक वार अर्धा करू शकतो, 'थंडर वेव्ह'ने लकवा देऊन स्पीड अर्धा करू शकतो. म्हणजे खरा प्रश्न 'कोणाला नाचवायचं' हा नाहीच. खरा प्रश्न आहे 'फुकटचा टर्न कुठून आणायचा' हा.

याचं उत्तर समोरच्याच्या भीतीत असतं. समजा, मैदानात त्याचा हीट्रान आहे. हीट्रान आग आणि पोलाद या दोन प्रकारांचा, त्यामुळे गारचॉम्पचा 'अर्थक्वेक' त्याला चौपट लागतो. गारचॉम्प आला की हीट्रानला पळावंच लागतं. तो पळतो, त्या जागी दुसरा येतो, आणि त्या येण्या-जाण्यात एक टर्न तुमचा. किंवा समोर शुद्ध इलेक्ट्रिक पोकेमॉन आहे. जमिनीच्या प्रकारातल्या गारचॉम्पला ना त्याची वीज लागते, ना थंडर वेव्ह. असा पोकेमॉन म्हणजे तुमच्यासाठी अंथरलेला गालिचा.

पण फुकटचा टर्न मिळाला म्हणून नाचायचं का? इथेच आपल्यापैकी निम्मे मरतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! कारण वेगवान नाचऱ्याला अडवणारे पहारेकरी प्रत्येक बऱ्या टीममध्ये असतात. मॅमोस्वाइनचा 'आइस शार्ड' ही प्रायॉरिटी चाल, म्हणजे ती स्पीड बघतच नाही, आधीच लागते. आणि बर्फ गारचॉम्पला चौपट लागतो. 'चॉइस स्कार्फ' बांधलेला पोकेमॉन दीडपट वेगाने येतो आणि तुमच्या ३३३ ला हसतो. क्वॅगसायरची 'अनअवेअर' ही क्षमता तर तुमचा नाच बघतच नाही, त्याच्या लेखी तुम्ही नाचलातच नाहीत. आणि हिपाउडनसारखा जाडजूड गडी 'व्हर्लविंड' मारून तुम्हाला मैदानाबाहेर उडवून देतो. बाहेर गेलं की सगळी वाढलेली ताकद शून्य.

आता माझ्या सेमीफायनलकडे परत येऊ. नियम आठव्या पिढीचे, डायनामॅक्स बंद. माझ्याकडे गारचॉम्प आणि सिझर. समोरच्याकडे हीट्रान, हिपाउडन आणि मॅमोस्वाइन. हिपाउडनचा निम्म्याहून कमी जीव उरलेला, मॅमोस्वाइनही अर्ध्यावर. हीट्रानसमोर गारचॉम्प आणला, तो पळाला, हिपाउडन आला. तेवढ्यात मी नाचलो. अटॅक दुप्पट.

आता एक अर्थक्वेक मारला असता तर हिपाउडन पडला असता. व्हर्लविंड ही चाल टर्नच्या अगदी शेवटी लागते, म्हणजे माझा वार आधीच बसला असता. रूममेट मागून कुजबुजला, 'अरे, मार ना आता!' पण मागची पोरं ओरडत होती आणि मला वाटलं, अजून एक नाच, मग तिघांनाही एकेका फटक्यात. अति तेथे माती. मी नाचलो, त्याने व्हर्लविंड मारला, गारचॉम्प बाहेर आणि सिझर ओढला गेला आत. लगेच हीट्रान आला, सिझर जळून खाक. गारचॉम्प परत आला, त्याने हीट्रानला लोळवलं. पण आता नाच नाही, अंगावर आधीचे घाव. मॅमोस्वाइन आला. एक आइस शार्ड. खेळ खल्लास.

एक हिशेब मला त्या दिवशी कोणीतरी कानात ओरडून सांगायला हवा होता. पहिला स्वोर्ड्स डान्स ताकद दुप्पट करतो. दुसरा ती तिप्पट करतो, चौपट नाही. तिसरा केलात तर चौपट, आणि तिथे छत. म्हणजे टर्नची किंमत तीच, मिळकत मात्र पहिल्या नाचाच्या मानाने घटत जाते.

रात्री मेसमधून आल्यावर मी दहा वेळा 'सॉरी' म्हटलं. हे रूममेटचं शेवटचं सेमिस्टर होतं, पुढच्या वर्षी फेस्टला तो नसणार होता. त्याने काहीच न बोलता लॅपटॉप ओढला आणि मॅचचा रिप्ले लावला. मला वाटलं, दुसऱ्या नाचावर थांबवून दाखवेल. त्याने थांबवला त्याच्याही सहा टर्न आधी. तिथे माझा सिझर आणि त्याचा अर्ध्यावर आलेला मॅमोस्वाइन समोरासमोर होते. सिझरच्या एका 'बुलेट पंच'मध्ये मॅमोस्वाइन गेला असता. पण हीट्रान येईल या भीतीने मी सिझर मागे घेतला होता.

'दुसरा नाच सोड,' तो म्हणाला, 'तू पहिलासुद्धा नाचायला नको होतास. मॅमोस्वाइन जिवंत होता.'

बरोबर होतं त्याचं. मी एकदाच नाचून हिपाउडनला पाडलं असतं, तरी पुढे मॅमोस्वाइनने येऊन आइस शार्ड मारलाच असता. उरलेल्या सिझरचं हीट्रानपुढे काय झालं असतं, ते तर दिसलंच. मॅमोस्वाइन आधी गेला असता, तर एक नाच आणि दोन अर्थक्वेक, बास. म्हणजे मी ज्या चुकीसाठी दिवसभर स्वतःला शिव्या घालत होतो, ती माझी खरी चूक नव्हतीच. स्वीप हा नाचणारा करत नाही. तो मैदानात येण्याआधी बाकीचे पाच जण जे करतात, त्यातून स्वीप होतो.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा हवा असेल तर २०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघा. वॉशिंग्टनमध्ये दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जगज्जेता झाला. फॉरमॅट वेगळा, डबल्सचा, म्हणजे एका वेळी दोन-दोन पोकेमॉन. त्याच्या टीममध्ये गारचॉम्प होता, ग्याराडोस होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पॅचिरिसू, एक इवलीशी विजेची खार. तिचं काम काय, तर 'फॉलो मी' म्हणून समोरच्याचे वार स्वतःवर ओढून घ्यायचे. शेजारच्या तगड्या भिडूला मोकळा टर्न मिळावा म्हणून तिने मार खाल्ला. टाळ्या घेणाऱ्याच्या शेजारी असं कोणीतरी उभं असतंच.

तर मंडळी, पुढच्या वेळी त्या डान्सच्या बटणावर बोट जाईल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, मला अडवू शकेल असा कोण जिवंत आहे? प्रायॉरिटी, स्कार्फ, अनअवेअर, व्हर्लविंड, एकेक आठवून बघा. दोन, हा टर्न खरंच फुकट आहे की मला तसं फक्त वाटतंय? तीन, आत्ता आहे त्या ताकदीत काम होतंय का? होत असेल तर मारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कोणीतरी आहे' असं आलं, तर नाचऱ्याला मागे ठेवा आणि आधी त्या कोणाची तरी व्यवस्था लावा. कंटाळवाणं काम आहे. रिप्लेमध्ये कोणी ते क्लिप करून स्टेटसला ठेवत नाही. पण मॅच तिथेच जिंकली जाते. आणि हरलात की रिप्ले शेवटून बघू नका, सुरुवातीपासून बघा. चूक बहुतेक वेळा आपण समजतो त्याच्या बरीच आधी झालेली असते.

रूममेट आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे. रविवारी रात्री आम्ही कॉल लावून खेळतो, एक खेळतो आणि दुसरा बघतो. गेल्या आठवड्यात समोरच्याकडे पुन्हा मॅमोस्वाइन निघाला. मी सव्वीस टर्न गारचॉम्प बाहेर काढला नाही. दोनदा मस्त मोकळा टर्न मिळाला, हात शिवशिवले, पण नाही नाचलो. मॅमोस्वाइन पडला, मग गारचॉम्प आला, एकदा नाचला आणि उरलेले तीन गेले.

कॉलवर थोडा वेळ शांतता. मग तिकडून आवाज आला, 'फेस्टला काय झालं होतं रे तुला?'