बुल अँट पाळता येते का? आधी कायदा पाहा, मग अंगणातला मुंगळा

रत्नागिरी : हापूसच्या झाडावर चढला आणि ओंबील चावली नाही, असा माणूस रत्नागिरीत सापडणं कठीण. अशा जिल्ह्यात मुंगी विकत आणून घरात पाळायची, हे ऐकून जुनी मंडळी हसतीलच. पण काचेच्या पेटीत मुंग्यांची वसाहत वाढवण्याचा छंद जगभर पसरला आहे. त्याचे व्हिडीओ पाहणाऱ्यांना हमखास भुरळ पडते ती ऑस्ट्रेलियाच्या बुल अँटची.

काय आहे या मुंगीत?

‘मिर्मेशिया’ प्रजातीतल्या या मुंग्यांच्या मोठ्या जाती ४ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. डोळे मोठे, नजर तीक्ष्ण. पेटीजवळ हात नेला की ती वळून बघते. रांग लावून अन्न वाहण्याऐवजी ती एकटीच शिकारीला जाते. नवी राणीही वसाहत उभी करताना स्वतः बाहेर पडून भक्ष्य आणते. त्यामुळे पाळणाऱ्याला तिला पहिल्या दिवसापासून खाऊ घालावं लागतं.

गोम आहे ती नांगीत. ओंबील चावते आणि आम्ल सोडते, पण बुल अँट थेट डंख मारते, तोही पुन्हा पुन्हा. तिच्याच प्रजातीतल्या ‘जॅक जंपर’ची टास्मानियात सुमारे ३ टक्के लोकांना गंभीर अ‍ॅलर्जी आहे. तिथे त्यासाठी विषप्रतिकारक उपचारांचा सरकारी कार्यक्रमच चालतो. घरात लहान मुलं असतील तर ही हौस न केलेलीच बरी.

मागवता येईल का?

परवान्याशिवाय नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार भारतात जिवंत कीटक आणायला केंद्राची परवानगी लागते. ऑस्ट्रेलियातूनही स्थानिक प्राणी परवान्याविना बाहेर नेता येत नाहीत. म्हणजे ऑनलाइन जाहिरात पाहून कुरिअरने मागवलेली राणी हा सरळ कायदेभंग.

हे किरकोळ वाटत असेल तर केनियाचं प्रकरण पाहा. एप्रिल २०२५ मध्ये तिथे बेल्जियमची विशीच्या आतली दोन मुलं सुमारे ५ हजार राणी मुंग्यांसह पकडली गेली. मुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरल्या होत्या. मे महिन्यात न्यायालयाने प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग, म्हणजे सुमारे साडेसहा लाख रुपये दंड किंवा १२ महिने कैद सुनावली. इतकी कडकपणे का वागतात यंत्रणा? ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या ‘यलो क्रेझी अँट’ने लाखो लाल खेकडे मारले, एवढं उदाहरण पुरे.

मग पाळायचं काय?

मोठ्या डोळ्यांची, उडी मारून शिकार करणारी मुंगी आपल्या सह्याद्रीतही आहे : ‘हार्पेग्नॅथोस सॅल्टेटर’. राणी मेली की तिच्या कामकरी मुंग्या मिशांनी झुंजतात, जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू चक्क आकसतो. पण तिलाही नांगी आहे आणि जिवंत भक्ष्य लागतं. ती जंगलातच राहू द्यावी.

नवशिक्यासाठी आपला काळा मुंगळा उत्तम. पावसाच्या सुरुवातीला पंख गळालेली राणी जमिनीवर फिरताना दिसते. परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी आणि तोंडाला पुन्हा कापूस. नळी कपाटात अंधारात ठेवायची. अन्न नको, कारण पंखांच्या निकामी झालेल्या स्नायूंवरच ती पहिली पिल्लं पोसते. रोज उघडून बघण्याचा मोह मात्र आवरायला हवा. राणी बिथरली तर स्वतःचीच अंडी खाते.

कोकणात खरा त्रास दमटपणाचा. कापसाला बुरशी आली की नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडायची आणि जुन्या नळीवर उजेड पाडायचा. राणी आपणच सरकते. दुसरा शत्रू घरातल्या बारीक मुंग्या. त्या नळीत शिरल्या तर राणी संपली. खाण्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आजीची युक्ती इथेही चालते.

साधारण महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या निघतात. नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा बऱ्याच लहान. तेव्हा साखरपाण्याचा एक थेंब आणि झुरळाचा बारीक तुकडा द्यायचा. झुरळ चपलेने मारलेलं चालेल, फवाऱ्याने मारलेलं नाही.