१६०, पिकॅडिली

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर, रिट्झ हॉटेलच्या शेजारी, १६० क्रमांकाची एक भारदस्त दगडी इमारत आहे. आज तिथे लोक न्याहारीला जातात. शंभर वर्षांपूर्वी तिथे मोटारी विकायला मांडल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

वोल्सली ही कंपनी मुळात मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं बनवायची. तिला मोटारींचा नाद लावला तिथल्याच हर्बर्ट ऑस्टिनने. १९०१ मध्ये हा मोटारींचा धंदा व्हिकर्स या कंपनीकडे गेला. पहिलं महायुद्ध संपल्यावर कंपनीला लंडनच्या ऐन मोक्याच्या जागी शोरूम हवंसं झालं. विल्यम कर्टिस ग्रीन या वास्तुविशारदाने १९२१-२२ मध्ये ते उभं केलं.

शोरूम कसलं, राजवाडाच तो! उंच खांब, त्यांवर कमानी, वर घुमटाकार छत. काळ्या, तांबड्या, सोनेरी रंगांचं जपानी थाटाचं लाखकाम. पायाखाली काळ्या-पांढऱ्या संगमरवराची भौमितिक नक्षी. पिकॅडिलीतल्या गिऱ्हाइकाला ग्रीसचा वास सोसवत नाही, हे कंपनीने ओळखलं असावं. ग्रीनला या कामाबद्दल ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं पदक मिळालं.

‘घर पाहावं बांधून’ म्हणतात ते उगाच नाही. पदक वास्तूला मिळालं, मोटारींना गिऱ्हाईक मात्र पुरेसं मिळेना. अवाढव्य विस्तार आणि त्यापायी झालेलं कर्ज यांखाली कंपनी १९२६ मध्ये बुडाली. लिलावात ऑस्टिननेही बोली लावली होती. आपणच घडवलेली गाडी परत मिळवायची त्याची धडपड फुकट गेली. दुसरा मोटारवाला विल्यम मॉरिस याने ७ लाख ३० हजार पौंडांना कंपनी घेतली.

इमारत बार्कलेज बँकेने घेतली आणि १९२७ मध्ये तिथे शाखा उघडली. बदल करायला पुन्हा ग्रीनच आला. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना त्याने बँकेसाठी खोल्या काढल्या, टपालपेटी आणि टपाल तिकिटांचं यंत्रसुद्धा बेतून दिलं. मोटारींचं दालन बँकेला इतकं शोभलं, कारण त्यात मोटारीचं असं काही नव्हतंच. खरं तर हीच त्या वास्तूची चलाखी.

वोल्सली नावाच्या गाड्या १९७५ मध्ये बंद झाल्या. २००३ मध्ये इथे रेस्टॉरंट निघालं, तेव्हा मालकांनी तेच जुनं नाव उचललं. ते आता कॉफीच्या बिलावर छापून येतं.