डिस्क दिसत नाही? आधी तार बघा, मग डिस्कला दोष द्या

लग्नसराई सुरू झाली की यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी येथील फोटो स्टुडिओंत रात्री उशिरापर्यंत काम चालते. लग्नाचे शूटिंग, अल्बमची जुळवणी, पत्रिकांचे डीटीपी, फ्लेक्सचे डिझाइन, दुकानातील कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग, हे सारे आता हार्डडिस्कवर असते. या धंद्यांत आपले अनेक तरुण आहेत आणि त्यांतील कित्येक जण उस्तादाच्या हाताखाली बसूनच हे काम शिकले आहेत. हात चालतो, पण डिस्क लावली आणि ती संगणकावर दिसलीच नाही, की भलेभले गोंधळतात. म्हणून या वेळी याच विषयावर चार कामाच्या गोष्टी सांगत आहोत.

गेल्या लग्नसराईत आमच्या परिचयाचा एक फोटोग्राफर घाबराघुबरा होऊन आमच्याकडे आला. दोन लग्नांचे पूर्ण शूटिंग एकाच डिस्कवर होते आणि कॅमेऱ्याची कार्डे पुसून झाली होती. डिस्क लावली की ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येई. एका दुकानदाराने डिस्क मेली असे सांगून टाकले होते. आम्ही मधला हब काढला, तार बदलली आणि डिस्क थेट संगणकाच्या मागील बाजूस लावली. दोन्ही लग्ने जशीच्या तशी उघडली. दोष चार तोंडांच्या स्वस्त हबमध्ये होता. त्या संदेशावर त्याने एकदा जरी ‘होय’ म्हटले असते, तर दोन घरांना काय तोंड दाखवले असते?

पाच कड्यांची साखळी

संगणक चालू असतानाच डिस्क लावणे आणि काढणे याला हॉट-स्वॅप म्हणतात. बाहेरून लावलेल्या डिस्कमधील माहिती पाच ठिकाणांतून जाते: डिस्क, केसिंगमधील किंवा डॉकमधील छोटे कार्ड, तार, हब आणि संगणकाचे पोर्ट. वाफ्यापर्यंत पाणी पोचले नाही तर शेतकरी आधी पाट बघतो, विहीर आटली असे लगेच म्हणत नाही. येथेही तसेच करावे. एका वेळी एकच कडी बदलावी. दोन वस्तू एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

पहिली पायरी: कान आणि हात

डिस्क लावल्यावर कान द्यावा, हात लावून बघावा. फिरण्याची बारीक थरथर जाणवते का? अजिबात जाणवत नसेल तर वीजच पोचत नाही. फिरते, थांबते, पुन्हा फिरते, असे होत असेल तर वीज अपुरी पडत असण्याचा संभव मोठा. मात्र चांगल्या अडॅप्टरवरही ‘टक-टक’ असा ठोका येत राहिला तर डिस्कच्या आत बिघाड समजावा आणि ती तत्काळ बंद करावी. अशी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघितल्याने उरलीसुरली माहितीही जाते. ती दुकानात उघडू नये, माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडेच पाठवावी. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे तिला ही परीक्षा लागू नाही.

दुसरी पायरी: विजेचा हिशेब

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क पाच व्होल्टवर चालते आणि ती वीज यूएसबीच्या तारेतूनच घेते. जुने यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३.० पोर्ट ९०० देते. काही डिस्कना फिरण्याच्या पहिल्या क्षणी याहूनही जास्त लागते. आता हबचा हिशेब पाहा. ज्याला स्वतःचा अडॅप्टर नाही असा यूएसबी २.० हब एका पोर्टचे ५०० घेतो, १०० स्वतःकरिता ठेवतो आणि चार तोंडांना १००-१०० देतो. एवढ्यात माउस चालतो, डिस्क चालत नाही. म्हणून डिस्ककरिता हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्यावा. हबला हब जोडत जाऊ नये.

संगणकाची मोठी साडेतीन इंची डिस्क पाचसोबत बारा व्होल्टही मागते. तिच्या डॉकला वेगळा अडॅप्टर असतो आणि घोटाळा येथेच होतो. कॅमेऱ्याचा बारा व्होल्ट, एक अँपिअरचा अडॅप्टर त्या भोकात बसतो, पण मोठी डिस्क फिरायला लागताना दोन अँपिअरपर्यंत खेचते. ती वीज न मिळाल्याने डिस्क दम लागल्यासारखी करते. लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर चुकून लावला तर डॉक आणि डिस्क दोन्ही जळू शकतात. म्हणून दुकानातील प्रत्येक अडॅप्टरवर कागद चिकटवून तो कशाचा आहे ते लिहून ठेवावे.

तिसरी पायरी: तार आणि पोर्ट

काही तारा केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. डिस्कच्या केसिंगचे चपटे रुंद तोंड रोजच्या काढण्या-लावण्याने सैल पडते. हलवले की डिस्क दिसते, सोडले की जाते, असे झाल्यास आधी तार बदलून बघावी. तरीही तसेच होत असेल तर केसिंगच्या तोंडाचा टाका सुटलेला असतो. तार आखूड ठेवावी. यूएसबी २.० ला पाच मीटरची मर्यादा आहे आणि यूएसबी ३.० ला तीन मीटरच्या पुढे भरवसा नाही.

तपासणी नेहमी कॅबिनेटच्या मागील पोर्टवर करावी, कारण पुढची पोर्टे आतल्या लांब तारेने जोडलेली असतात. निळ्या ३.० पोर्टवर न दिसणारी डिस्क काळ्या २.० पोर्टवर दिसली तर डिस्क ठीक आहे असे समजावे. दोष तारेत, केसिंगच्या कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये असतो.

चौथी पायरी: विंडोज काय म्हणते?

डिस्क फिरते, पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, अशा वेळी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्क दिसत असेल तर निम्मी लढाई जिंकली. अनेकदा तिला अक्षरच मिळालेले नसते, ते द्यावे. एका डिस्कची हुबेहूब नक्कल केलेली दुसरी डिस्क सोबत लावली तर दोघींची खूण एकच निघते आणि विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते. काहीच दिसत नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून हार्डवेअर पुन्हा शोधण्याची आज्ञा द्यावी. थोड्या वेळाने डिस्क आपोआप नाहीशी होत असेल तर पॉवरच्या सेटिंगमधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ असा प्रश्न आला तर माहिती असलेल्या डिस्कवर कधीही ‘होय’ म्हणू नये. हा संदेश आला म्हणजे माहिती गेली असे नसते. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधील डिस्क बहुधा विंडोजला वाचताच येत नाही, म्हणून ती कोरी वाटते. चोरीचे रेकॉर्डिंग असलेली डिस्क अशा वेळी फॉरमॅट झाली तर पुरावाच पुसला जातो. ती डीव्हीआरमध्येच लावून बघावी. काही तयार बाह्य डिस्कच्या केसिंगमधील कार्ड माहिती कुलूपबंद करून लिहिते किंवा वेगळ्या मापाने मांडते. तशी डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घातली तर ती रिकामी भासते. मूळ कार्डच तिची किल्ली असते, म्हणून जुने केसिंग फेकू नये.

डॉक, अडॅप्टर आणि थेट जोडणी

दोन किंवा चार खणांच्या डॉकमध्ये फक्त पहिलीच डिस्क दिसते, अशी तक्रार नेहमी येते. ई-साटाच्या तारेने जोडले असेल तर संगणकाच्या पोर्टला पोर्ट मल्टिप्लायरची सोय लागते आणि पुष्कळ मदरबोर्डांत ती नसते. तोच डॉक यूएसबीने जोडून बघावा. एम.२ एसएसडीचे दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई. एकाच्या केसिंगमध्ये दुसरी बसली तरी दिसत नाही. दोन्ही चालणारे केसिंग घेणे दुकानदाराला परवडते.

साटा डिस्क थेट मदरबोर्डवर चालू संगणकात लावायची असेल तर बायोसमध्ये पोर्ट एएचसीआय पद्धतीवर असावे आणि ‘हॉट प्लग’ सुरू असावे. विंडोज आयडीई पद्धतीवर बसवलेले असताना हे एकाएकी बदलू नये, संगणक सुरूच होणार नाही. जुनी चाळीस पिनांची आयडीई डिस्क तर संगणक बंद केल्याशिवाय लावूच नये. तीच यूएसबी अडॅप्टरवर लावताना जंपर बहुधा ‘मास्टर’वर ठेवावा लागतो.

काढतानाही शिस्त हवी. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत आपोआप लागू असते, तरी कॉपी चालू असताना तार ओढली तर फाइल बिघडणारच. ‘इजेक्ट’ करावे, फिरणे थांबू द्यावे, मग हात लावावा. वीज अधूनमधून जाते तेथे यूपीएसशिवाय कॉपी करू नये. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली डिस्क तापते, तिला पंख्याची हवा द्यावी.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. दुरुस्तीच्या दुकानात एक चांगला बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा डॉक, एक अडॅप्टरवाला हब, दोन खात्रीच्या तारा आणि तपासणीपुरती एक चालू डिस्क एवढे सामान असले तर बहुतेक तक्रारींचा उलगडा पंधरा मिनिटांत होतो. तपासणीचा दर ठरवून फलकावर लिहावा. दोष तारेत निघाला तर तारेचेच पैसे घ्यावे, नव्या डिस्कचे बिल फाडू नये. आज खरे बोलून सोडलेले गिऱ्हाईक उद्या दहा जणांना घेऊन येते. आणि स्टुडिओवाल्या बंधूंना आमची एवढीच विनंती आहे: कार्ड पुसण्याआधी दोन वेगवेगळ्या डिस्कवर नक्कल करा. लोकांच्या घरातील आनंद ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती एका तारेच्या भरवशावर सोडू नये.