पूर्वीची दुखापत व मजुराची नुकसानभरपाई

आमच्या करडी भागांत धानाची मळणी आतां ट्रॅक्टर व मळणीयंत्र यांवर होऊं लागली आहे. यंत्रांबरोबर अपघातही आले. “मजूर आधींच एका डोळ्यानें अंध होता, मग पूर्ण भरपाई आम्हीं कां द्यावी?” असा प्रश्न कित्येक शेतकरीबंधु करितात. त्याचा खुलासा येथें करितों.

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा ता. १ जुलै १९२४ पासून अमलांत होता. ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनें घेतली. यांत्रिक शक्तीनें होणारी शेती दोहोंच्याही कक्षेंत येते. मूळ तत्त्वही तेंच राहिलें आहे. अपघाताच्या वेळीं तो मजूर जें काम करूं शकत होता, त्यांतील किती शक्ति या अपघातानें गेली, एवढेंच पाहावयाचें. धडधाकट माणसाशीं तुलना करावयाची नाहीं.

उदाहरणार्थ, चाळीस वर्षांच्या मजुराचें मासिक वेतन १०,००० रुपये आहे असें समजा. त्याचे साठ टक्के ६,०००. वयाचा गुणक १८४.१७, म्हणजे पूर्ण अपंगत्वाची रक्कम ११,०५,०२० रुपये. परिशिष्टांत एक डोळा गेल्यास ४० टक्के, म्हणजे ४,४२,००८ रुपये सांगितले आहेत. परंतु दुसरा डोळा चांगला असला तरच. ज्याचा दुसरा डोळा पूर्वींच गेला, तो या अपघातानें सर्वस्वीं अंध झाला. दृष्टि लागेल असें कोणतेंही काम त्याच्यानें होणार नाहीं. म्हणून त्यास शंभर टक्के.

उलटपक्षीं, पूर्वींच तुटलेल्या बोटाची भरपाई नव्या अपघाताच्या नांवें मागतां येत नाहीं. ती हानि या अपघाताची नव्हे. परिशिष्टांत नसलेल्या दुखापतीविषयीं डॉक्टरानें कमाईच्या शक्तींतील घट ठरवावयाची असते.

जुन्या रोगासही हाच न्याय. १९५४ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यांत पहारेकऱ्यास आधींपासून हृदयविकार होता. तरी नोकरीच्या श्रमानें मृत्यु ओढवण्यास हातभार लागला असल्यास भरपाई देय होते, असें मुंबई उच्च न्यायालयानें ठरविलें.

यास्तव यंत्रावर मजूर लावितांना त्याचें वय, वेतन व जुनें व्यंग हजेरीच्या वहींत त्याच्या समक्ष लिहून ठेवावें. तें त्यास काम नाकारण्यासाठीं नव्हे, तर पुढें उभयतांवर अन्याय होऊं नये म्हणून. एका डोळ्याच्या माणसास यंत्राच्या तोंडाशीं न बसवितां पेंढ्या वाहण्यास लावावें, आणि आपल्या विम्यांत मजुरांचा समावेश आहे कीं नाहीं हें मळणीपूर्वीं पाहून घ्यावें.